कूलरसमोरचा मान

विदर्भातल्या घरात कोणाची किंमत किती, हे उन्हाळ्यात कळतं. बाकी वर्षभर वय, पगार, नातं असल्या गोष्टींवर भागतं. पण मार्च सरत आला, गच्चीवरच्या ताडपत्रीतून कूलर बाहेर निघाला, त्याला नव्या ताट्या लागल्या आणि खिडकीत त्याची प्राणप्रतिष्ठा झाली, की घरात एकच प्रश्न उरतो: समोर खाट कोणाची? माझ्या लहानपणी ती आजोबांची असे. जावई आले की आजोबा हसतमुखाने ती जागा सोडत आणि जावई परत जाईपर्यंत दारामागे बसून पंचांगात त्यांच्या जाण्याचा मुहूर्त शोधत. आजोबांनंतर वडील आले. वडिलांनंतर, रीतीप्रमाणे, मी यायला हवा होतो. पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे बोलायला लागले. म्हणजे पात्रतेच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या. तेवढ्यात बर्फी आली.

बर्फी ही सैबेरियन हस्की आहे आणि आम्ही नागपुरात राहतो. या एका वाक्यात आमच्या संसाराची सगळी शोकांतिका आली. मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्याने हे पिल्लू घेतलं. संत्रा बर्फीच्या गावाची आठवण म्हणून नाव बर्फी. मग त्याची बदली बंगळूरला झाली. तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना. “आई, फक्त पंधरा दिवस सांभाळ,” असं म्हणून तो तिला सोडून गेला. त्यानंतर त्याने घर बदललं, नोकरी बदलली, चष्म्याची फ्रेमही बदलली. पंधरा दिवस अजून चालू आहेत.

बर्फीचं घराणं मोठं आहे, हे मान्य करायला हवं. सैबेरियाच्या पार टोकाला चुकची लोकांनी ही कुत्री बर्फावरून गाडी ओढण्यासाठी पोसली. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा वीसेक गाडीवाले आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी औषध हाती-हाती पुढे नेत हजारावर किलोमीटरचं अंतर साडेपाच दिवसांत कापलं. पारा उणे चाळीसच्या घरात होता. शेवटच्या टप्प्यावर पुढे धावलेल्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा आहे. त्याच घराण्यातली आमची बर्फी मे महिन्यात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायलाही तयार नसते, कारण मधली दीड फूट फरशी कूलरच्या झोताबाहेर आहे.

आमचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित यंत्राने छप्पन अंश तापमान नोंदवलं. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. नागपूरकर मात्र हळहळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं होतं, तर त्यालाच वेडं ठरवलं.

आता अशा गावात बर्फीला सांभाळायचं म्हणजे सल्ले आले. आमच्या ले-आउटमध्ये माणसाला ऊन लागलं तर लोक दवाखान्याचं नाव सांगून मोकळे होतात. कुत्र्याला ऊन लागू नये म्हणून मात्र प्रत्येकाकडे पिढीजात उपाय आहे. पहिले आले शेजारचे काकाजी. ते निवृत्त आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांना सगळ्याच विषयांतलं कळायला लागलं आहे.

“हिचे केस काढून टाका,” काकाजी म्हणाले. “झिरो मशीन फिरवा. मी पण दर उन्हाळ्यात काढतो.”

काकाजींच्या डोक्यावर काढण्यासारखं काही उरलेलं नाही, पण सल्ला देणाऱ्याचं डोकं पाहायचं नसतं. मी मशीन आणायला निघालोच होतो. फोनवर जनावरांच्या डॉक्टरांनी अडवलं. “अजिबात नाही. हस्कीला दोन थरांचे केस असतात. वरचा थर ऊन अडवतो. तो भादरलात तर कातडी सरळ भाजेल आणि केस पुन्हा नीट येतील याची खात्री नाही. खालचा मऊ थर तेवढा रोज विंचरून काढा.”

तेव्हापासून मी बर्फीला विंचरतो. एका बैठकीत एवढे केस निघतात की त्यातून दुसरी बर्फी तयार व्हावी. पहिली मात्र आहे तेवढीच राहते. कूलर ते केस घरभर पोचवतो. आमच्याकडे वरणात, पापडात, चहात, इस्त्रीच्या शर्टात सैबेरिया आहे. परवा बँकेत कारकुनाने माझ्या पासबुकातून एक लांब पांढरा केस चिमटीत धरून उचलला, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत ठेवला.

दुसरा उपाय सासूबाईंचा. त्या दर उन्हाळ्यात यवतमाळहून येतात. आपल्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, म्हणजे लू लागत नाही. बर्फीला खिसा नाही. सासूबाईंनी फडक्याची छोटी पुरचुंडी करून कांदा तिच्या गळपट्ट्याला बांधला. बर्फीला वाटलं खाऊ आहे. ती मान वळवून तो कांदा पकडू बघायची, कांदा मानेबरोबर पुढे सरकायचा, आणि अशी ती हॉलभर गरगर फिरत राहिली. सासूबाई खुश. “बघा, कशी तरतरी आली!”

हिने डॉक्टरांना सहज विचारलं, तर पलीकडून ओरडाच आला. “कांदा? आधी सोडा तो! कांद्या-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुकाही द्यायच्या नाहीत.”

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “कांदा-लसूण चालत नाही? म्हणजे चातुर्मास पाळते की काय ही?” असं म्हणून त्यांनी बर्फीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. त्या दिवसापासून घरात सोवळ्यातले जीव दोनच, एक त्या आणि दुसरी बर्फी. मी चातुर्मासात कांदाभजी खातो, हे त्यांनी त्याच संध्याकाळी बर्फीला सांगितलं.

पुढे एकदा त्यांनी बर्फीच्या पोटाला हात लावला आणि किंचाळल्या. “अगं बाई, तापाने फणफणलीय पोर!” मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या निघाल्या. माझी तापाची गोळी निघाली. पुन्हा फोन. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आणि घरातली तापाची गोळी तिला चुकूनही द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सासूबाईंना पटलं नाही. तो ताप नाही म्हटल्यावर त्या पट्ट्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्यांनी त्या माझ्या कपाळावर ठेवल्या.

पण सगळ्यांत जास्त त्रास रस्त्याने दिला. कुत्र्याला फिरवायचं तर डांबर किती तापलंय ते आधी पाहावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवायची. आपल्याला सोसलं तर कुत्र्याच्या पंजाला सोसेल. ऐकायला सोपं वाटतं. मे महिन्यात संध्याकाळी सातला, भर चौकात, उकिडवं बसून, हात उलटा करून डांबरावर ठेवून, तोंडाने “एक, दोन, तीन” मोजून पाहा.

मी “चार”वर होतो.

“काऊन जी, काय हरवलं?” पानठेल्यावरच्याने विचारलं.

“काही नाही. पाहतोय.”

“अंगठी पडली का?” स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. मग एक मुलगा मोबाइलचा टॉर्च लावून आला. बघता बघता सात-आठ माणसं वाकून रस्ता निरखू लागली. कोणाची अंगठी, किती तोळ्यांची, यावर चर्चा सुरू झाली. एकाने तर “लग्नातली असेल, म्हणून बिचाऱ्याचं तोंड असं झालंय” असं निदानही केलं. माझं तोंड तसं झालं होतं कारण गर्दीत माझा हात कोणाच्या तरी चपलेखाली होता आणि खाली डांबर होतं. कशीबशी सुटका करून घेऊन मी खरा प्रकार सांगितला.

“रस्त्याची नाडी पाहून राहिले होते का तुम्ही?” पानठेलेवाला म्हणाला. स्कूटरवाले गृहस्थ मात्र रागावले. फसवणूक झाल्यासारखं त्यांचं मत पडलं. जाताना ते पुन्हा एकदा मागे वळून रस्त्याकडे पाहून गेले. न जाणो, खरंच एखादी अंगठी असली तर.

मग फिरण्याची वेळ पहाटे पाचची ठरली. या वेळी अंबाझरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागपुरातले सगळे कुत्रेवाले भेटतात आणि माणसांना नावं नसतात. मी “बर्फीचे पप्पा” आहे. एक “सिंबाची मम्मी” आहेत. “गोलूचे दादाजी” हे कुठल्याशा बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत असं ऐकतो, पण त्यांचं आडनाव विचारण्याएवढी आमची ओळख नाही. गोलू हा पग आहे. ‘हच’ची ती मुलाच्या मागे मागे जाणाऱ्या कुत्र्याची जाहिरात २००३ साली आली आणि देशात घराघरात पग शिरला. नेटवर्क गेलं, कंपनीचं नाव बदललं, पग राहिला. याचं नाक एवढं चपटं की धाप टाकायलाही हवा नीट आत जात नाही. बर्फीला केस जास्त, गोलूला नाक कमी. उन्हाळ्यात दोघांचे हाल सारखेच. दादाजी सांगतात, गोलू रात्री एवढा घोरतो की दादीजी दुसऱ्या खोलीत झोपायला लागल्या. “पण गोलू नसताना पण त्या तिकडेच झोपत होत्या ना?” असं सिंबाच्या मम्मीने विचारल्यावर दादाजींनी चालण्याचा वेग वाढवला.

आता कूलरकडे येतो, कारण खरं राजकारण तिथेच आहे. बर्फीला हवा लागावी म्हणून हिने खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या. फटींत टॉवेल कोंबले. “थंड हवा बाहेर जाते हो सगळी.” एसीच्या जमान्यातल्या माणसाला हे बरोबर वाटेल. तासाभरात खोलीत वाफ कोंडली, भिंतींना ओल आली, पापडाच्या डब्यातले पापड वाकले. आणि बर्फीची धाप थांबण्याऐवजी वाढली. आम्ही घाबरलो. पंप बिघडला असेल म्हणून कूलरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने आत पाऊल टाकलं, चष्मा पुसला आणि आधी खिडकी उघडली.

“साहेब,” तो म्हणाला, “हे कुत्रं मंजे आपला कूलरच हाय. जीभ मंजे ताटी. ओली करते, तिच्यावरून हवा फिरवते, पाणी उडते, अन् आंग थंड होते. तुम्ही खोली बंद करून सगळी ओल आतच कोंडली. आता ताटी बी वाळत नाई अन् जीभ बी वाळत नाई. कूलर बी फेल, कुत्रं बी फेल.”

हेच पुढे डॉक्टरांनी तक्ता दाखवून, फी घेऊन सांगितलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार काय तो पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळा कारभार धापेवर. मिनिटाला तीनशे-चारशे श्वासांपर्यंत ती धाप जाते. हवा कोरडी असली तर त्याचा उपयोग होतो, दमट असली तर नुसती दमछाक. मिस्त्रीने एवढं ज्ञान देऊन फक्त पंपाचे पैसे घेतले. पंप चांगलाच होता, पण आला आहे तर बदलून जातो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच भेटीत ऊन लागल्याची लक्षणंही लिहून दिली. हिने कागद मोठ्याने वाचला. “जोराची धाप. हिरड्या लालभडक. तोंडातून घट्ट लाळ. चालताना झोकांड्या. हाक मारली तरी लक्ष नाही.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “शेवटचं लक्षण लग्नापासूनच आहे.”

“असं काही दिसलं,” डॉक्टर म्हणाले, “तर आधी सावलीत घ्या, अंगावर नळाचं पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि लगेच इकडे आणा. ओला टॉवेल पाठीवर पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उलट ऊब धरतो.”

नळाचं पाणी! डॉक्टर बहुधा बाहेरगावचे असावेत. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून दुपारी दोन वाजता जे येतं त्यात पत्ती टाकली तर चहा होतो. त्यामुळे आता रात्रीच न्हाणीघरात बर्फीसाठी बादल्या भरून ठेवाव्या लागतात. त्या बादल्यांना हात लावायचा नाही. दुपारी मला आंघोळ करायची असेल तर नळ आहे. शिवाय न्हाणीघराची फरशी थंड असते म्हणून बर्फी बहुतेक वेळ तिथेच पसरलेली असते. आत जायचं तर तिची विनवणी करायची. ती एक डोळा उघडते, आपलं काम किती निकडीचं आहे ते पाहते आणि डोळा मिटते.

गाडीचं तर विचारूच नका. बंद गाडी उन्हात उभी राहिली की दहा मिनिटांत आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही, हे आता आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. म्हणून बर्फीला गाडीत एकटं सोडायचं नाही. तसं पाहिलं तर तिला घरी ठेवून जाता येतं, पण ते सुचवायचं धाडस माझ्यात नाही. बर्डीवर खरेदीला गेलो की एसी चालू ठेवून गाडीत एकाने बसायचं. “तुम्ही आणा ना जाऊन,” ही म्हणते, “मी बसते बर्फीजवळ.” मग मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून, त्रेचाळीस अंशांत साडीला मॅचिंग अस्तर शोधत फिरतो. काचेआड त्या दोघी मला जाताना बघतात. त्यातली एक तरी भुंकते, तेवढंच समाधान.

आमच्या गल्लीत मोत्या नावाचं एक गावठी कुत्रं आहे. त्याला कोणी विंचरत नाही, त्याच्यासाठी कोणी रस्त्याची नाडी पाहत नाही. आमचा कूलर बाहेर जिथे ठिबकतो त्या ओल्या मातीत त्याने खड्डा उकरलाय. सकाळी तो तिथे असतो, ऊन सरकलं की नालीवरच्या फरशीखाली, मग काकाजींच्या गाडीखाली. “गावठी हाय, त्याले काई होत नाई,” असं सगळे म्हणतात. होतं. फक्त ते पाहायला कोणी डॉक्टरांचा कागद घेऊन बसत नाही. हिने फाटकाशी त्याच्यासाठी सिमेंटची कुंडी ठेवली, ती रोज दोनदा भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यातलं पाणी मोत्या पितो, कावळे पितात, मैना आंघोळ करतात आणि काकाजी येता-जाता रुमाल भिजवतात.

पंचवीस मेच्या सुमाराला नवतपा लागला, तो संपला, आणि जूनमध्ये एका संध्याकाळी पहिला पाऊस पडला. गावाने गच्चीवर जाऊन आनंद केला. दुसऱ्या दिवशी ऊन निघालं आणि हवा अशी झाली की टॉवेल वाळेना. कूलर फक्त आवाज करू लागला. बर्फी कूलरसमोर बसून त्याच्याबरोबरीने धापत होती, आणि दोघांपैकी कोणालाच काही जमत नव्हतं. मिस्त्री आला, दोघांकडे पाहिलं, म्हणाला, “आता हे दोघं बी कामाचे नाई. एसी लावा.”

ज्या एसीसाठी मी किती उन्हाळे अर्ज करत होतो आणि “कशाला, कूलर आहे ना” असं उत्तर मिळत होतं, तो एसी बर्फीसाठी दोन दिवसांत आला. आमच्या खोलीत बसला. त्या रात्री मला क्षणभर वाटलं की चला, निमित्त कोणाचंही असो, अखेर आपल्याला मान मिळाला. तेवढ्यात मुलाचा बंगळूरहून व्हिडिओ कॉल आला. त्याने आधी बर्फीची जीभ पाहिली आणि म्हणाला, “बाबा, अठरावर ठेवा.”

अठरावर ठेवला. सासूबाईंनी कानटोपी घातली. हिने ट्रंकेतून गोधड्या काढल्या. बाहेर नागपूर घामाने निथळत होतं आणि आम्ही तिघं पाय पोटाशी घेऊन, दात वाजवत, सोवळ्यातल्या बर्फीच्या चारी बाजूंनी पडून होतो. ती मधोमध उताणी, चारी पाय वर.

ही बातमी ले-आउटमध्ये पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काकाजी “बर्फीची तब्येत पाहायला” आले आणि पाच वाजता गेले. मग काकूंनाही तिची काळजी वाटू लागली. गोलूला एकटेपणा येतो म्हणून दादाजी त्याला घेऊन येऊ लागले. सिंबाची मम्मी येताना पत्ते आणतात. बर्फीचे हितचिंतक एवढे वाढले की गेल्या शनिवारी मी ऑफिसमधून अर्ध्या दिवसाने आलो तर माझ्या खोलीत चपला ठेवायला जागा नव्हती. मी दार थोडं ढकलून आत डोकावलो. बर्फीच्या शेजारी, माझ्या उशीवर, घरून आणलेली घोंगडी गळ्यापर्यंत ओढून काकाजी पहुडले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

“साहेब,” ते म्हणाले, “आत तरी या, नाहीतर दार तरी लोटा. हवा जाऊन राहिली.”